सुरुवात तीन मिनिटांच्या तबकडीनं करा: चष्म्याच्या दुकानात वाजवून पाहिलेलं शास्त्रीय संगीत

माझं सांगलीत चष्म्याचं दुकान आहे. फ्रेमच्या कपाटावर एक स्पीकर ठेवलाय आणि त्यावर दुकान उघडल्यापासून शटर ओढेपर्यंत शास्त्रीय गाणं चालू असतं. मी गाणं शिकलेलो नाही. पेटीवर सा कुठला ते दाखवा म्हणालात तर दाखवीन, त्यापुढं हात जोडीन. पण गवयांनाही बघायला मिळत नसेल असं काहीतरी मला रोज दिसतं. ज्यानं जन्मात ख्याल, म्हणजे रागातलं विस्तारानं गायलेलं शास्त्रीय गाणं, ऐकलेला नाही असा माणूस दुसऱ्याच कामासाठी येतो आणि त्याच्या कानावर हे पडतं. गवयासमोर बसणारे आवडीनं आलेले असतात. माझ्यासमोर बसणारे चष्म्याची दांडी मोडली म्हणून आलेले.

त्यातलं सगळ्यात खरं गिऱ्हाईक म्हणजे डोळ्यांत थेंब घालून आलेलं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास जवळचं धड दिसत नाही आणि उजेड टोचतो. मोबाइल काढला तरी अक्षरं पुसट. मग माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसतो आणि नाइलाजानं ऐकतो. त्याला माझी भीड नसते, आवडलं नाही तर सरळ सांगतो. एका मावशींनी तर 'बंद करा ओ, डोकं उठलं' म्हणून सांगितलं होतं. खाली ज्या तबकड्यांबद्दल, म्हणजे ग्रामोफोनच्या रेकॉर्डांबद्दल, लिहिलंय त्या सगळ्या या खुर्चीवर तावून सुलाखून निघालेल्या आहेत.

नव्या माणसाला साधारण दोन सल्ले मिळतात. एक, आधी राग ओळखायला शिका. दुसरा, धीर धरा, पहिला अर्धा तास संथ असतं, पुढं मजा येते. दोन्ही सल्ले माणूस पळवून लावायचे आहेत. राग ओळखता येणं हा ऐकण्याचा परिणाम आहे, ती काही प्रवेश परीक्षा नाही. आणि अर्धा तास धीर धरायला लावणारं कुठलंच दुकान चालत नाही, माझं तर नाहीच.

माझं म्हणणं सोपं आहे. तीन मिनिटांची तबकडी घ्या आणि तीच पुन्हा पुन्हा ऐका.

भारतात गाणं तबकडीवर यायला लागलं ते 1902 मध्ये, कलकत्त्याला, गौहरजानच्या आवाजात. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. एकच राग तासभर गाणाऱ्या माणसाला तेवढ्यात संथ आलाप, शब्दांची बंदिश, भरधाव ताना, सगळं बसवायचं. पुष्कळ गवयांना ते जमलं नाही, काहींनी तर तोंडावर नकार दिला. ज्यांना जमलं त्यांनी मात्र असा अर्क काढून ठेवलाय की आज नव्वद वर्षांनी आपल्याला आयता मिळतो. यातल्या बहुतेक तबकड्या आता फुकट ऐकता येतात. तीन मिनिटांत आवडलं नाही तरी कुणाचं काही जात नाही, आणि आवडलं तर चष्म्याची काच बसेपर्यंत चारदा ऐकून होतं.

पहिली शिफारस आमच्या शेजारच्या मिरजेची. अब्दुल करीम खाँसाहेब, झिंझोटी रागातली ठुमरी (भावावर भर देणारं गाणं), 'पिया बिन नाही आवत चैन'. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या किराण्याचे, पण राहिले मिरजेला आणि गाण्याचं घराणं वाढवलं ते इथंच. 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना, मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर ते गेले. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. लहान वयात भीमसेन जोशी घर सोडून गुरू शोधायला निघाले, ते याच तबकडीनं वेड लावल्यामुळं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती मी गिऱ्हाइकाला आधी सांगत नाही. आधी वाजवतो.

पहिल्यांदा ऐकल्यावर इकडच्या माणसाचं म्हणणं ठरलेलं असतं: 'कोण बाई आहे का ओ?' किंवा 'हे असं रडल्यागत का गातंय?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आवाज बारीक आहे, उंच आहे, आणि कुठंही जोर लावलेला नाही. आपल्याला गाणं म्हणजे छाती फुगवून म्हणायची गोष्ट अशी सवय. हा माणूस मात्र सुराला नुसता टेकतो आणि तिथंच थांबतो. 'चैन' या शब्दावर तो काय करतो तेवढंच ऐका, बाकी सोडून द्या. दर वेळी तोच शब्द येतो आणि दर वेळी वेगळ्या वाटेनं. दुसऱ्यांदा लावली की खुर्चीतला माणूस बोलायचा थांबतो. तिसऱ्यांदा लावली तर निम्मे लोक विचारतात, 'हे मोबाइलवर कसं शोधायचं?' उरलेले निम्मे चष्मा घेऊन जातात, त्याचंही मला काही वाटत नाही.

ही पचली तर पाठोपाठ त्यांचीच भैरवी, 'जमुना के तीर'. काहींना हीच आधी आवडते. माझा कौल मात्र झिंझोटीला. भैरवी आपल्या कानावर भजनांतून इतकी पडलेली असते की ती ओळखीची म्हणून आवडते, आणि नव्या माणसाला अगदी पहिलंच मला ओळखीचं द्यायचं नसतं.

आता विकत घेणारा बघतो तशी मालाची बारकाई. एकच तबकडी इंटरनेटवर दहा जणांनी चढवलेली असते आणि दहाही वेगळ्या वाजतात. जुन्या यंत्रांचा वेग सगळीकडं सारखा नव्हता. त्यामुळं कुठं आवाज पट्टी चढवल्यासारखा लागतो, कुठं उतरलेला. दोन-तीन लावून बघा, ज्यात माणूस घाईत वाटत नाही ती ठेवा. आणि 'स्वच्छ केलेली' म्हणून जी मिळते तिच्यापासून लांब राहा. खरखर काढायच्या नादात मागचा तानपुरा पण काढून टाकलेला असतो. खरखर राहू द्यावी. पाच मिनिटांत कान तिच्याकडं दुर्लक्ष करायला शिकतो, तानपुरा मात्र एकदा गेला की गेला.

तानपुऱ्याचं एवढं का, तर त्याचं कारण मिरजेत जाऊनच बघावं. सांगलीहून सिटी बसनं अर्ध्या तासात पोचता. सतारमेकर गल्लीत दुकानांच्या दारातच भोपळे टांगलेले दिसतात, हे मंगळवेढा-पंढरपूर पट्ट्यातले. या कारागिरांचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे शिकलगार. गाणं मिरजेत रुजलं तसे ते सतारी-तानपुऱ्यांकडं वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बघायची चीज वेगळीच. कारागिराला म्हणावं, जवारी (तारेचा झंकार) लावताना बघू द्या. तो तार छेडतो, आवाज येतो तो बोथट, टण्णकन येऊन मेलेला. मग घोडीवर, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या पट्टीवर, तारेच्या खाली, तो सुताचा एक बारीक धागा घालतो आणि नखानं तो केसभर पुढं, केसभर मागं सरकवतो. एका ठिकाणी आल्यावर तीच तार उघडते. इतका वेळ एक सूर येत होता, आता त्यातनं वरचे चार-पाच निघायला लागतात, झंकार संपतच नाही. धागा अजून जरा सरकला की पुन्हा बोथट. मी रोज लेन्स फ्रेममध्ये बसवतो, एका मिलिमीटरनं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. पण इथं मिलिमीटर पण फार झाला.

हे एकदा कानानं बघितलं की तबकडीतला तानपुरा ऐकू यायला लागतो, आणि स्पीकर घेतानाही तीच परीक्षा. दुकानदार तुम्हाला ढमढम वाजणारं काहीतरी लावून दाखवेल. त्याला म्हणा, गवयाचं काहीतरी लाव, आणि गवई श्वास घ्यायला थांबला की मागं तार ऐकू येते का बघा. ऐकू आली तर स्वस्तातला घेतला तरी चालतो. माझा स्पीकर काही महागाचा नाही, मोबाइलपेक्षा तर नक्कीच स्वस्त आहे. ढोल जास्त वाजणारा मात्र घेऊ नका, तबल्याचा डग्गा सगळं गिळून टाकतो.

दुसरी शिफारस केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहां हो'. बाई गोव्याच्या केरीच्या, सुरुवातीला कोल्हापुरात थोडे दिवस अब्दुल करीम खाँसाहेबांकडंच शिकलेल्या, पुढं अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. अमेरिकेनं 1977 मध्ये व्हॉयेजर ही अंतराळयानं सोडली, त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवली, आणि जगभरातल्या संगीतातनं निवडलेल्या 27 तुकड्यांत ही साडेतीन मिनिटांची भैरवी घेतली. व्हॉयेजर-1 सप्टेंबरात उडालं, त्याच महिन्यात केसरबाई गेल्या.

ही गोष्ट सांगितली की शाळकरी पोरं लगेच कान टवकारतात. 'म्हणजे आता हे अंतराळात आहे?' आहे. पण खरं सांगायचं तर गोष्टीनं गिऱ्हाईक येतं, टिकतं असं नाही. केसरबाईंचा आवाज भरदार, खुला, श्वास कुठं घेतात कळत नाही. एक लाट संपायच्या आत दुसरी. खाँसाहेबांच्या नंतर लगेच ऐकलं तर दोन माणसं एकच गोष्ट किती वेगळी करू शकतात ते शब्दावाचून समजतं. घराणं म्हणजे काय यावर व्याख्यान देण्यापेक्षा या दोन तबकड्या एकामागनं एक लावाव्यात, सात मिनिटांत काम होतं. पहिलीच म्हणून मात्र ही देऊ नका. अंगावर येते.

तिसरी आमच्या धंद्याला जवळची. विष्णु दिगंबर पलुसकर हे कुरुंदवाडचे, लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले. इलाजासाठी मिरजेला आणलं, डोळे काही सुधारले नाहीत, पण तिथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती बुवांनी, आणि हा मुलगा त्यांच्याकडं गाणं शिकायला बसला. पुढं 1901 मध्ये त्यानंच लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि कुणालाही गाणं शिकायची सोय झाली. आजकालचे थेंब तेव्हा असते तर आपल्याकडं गाण्याच्या परीक्षा झाल्याच नसत्या असं मी आमच्या डॉक्टरांना म्हणतो. त्यांना हा विनोद आवडत नाही.

विष्णु दिगंबरांचे चिरंजीव डी. व्ही. पलुसकर. अवघी 34 वर्षं जगले, 1955 मध्ये गेले. नव्या माणसासाठी यांच्याइतका सोपा दरवाजा दुसरा नाही. आवाज गोड, शब्द स्वच्छ, सगळं रेखीव. 'ठुमक चलत रामचंद्र' हे भजन लावलं की वयस्कर गिऱ्हाईक लगेच म्हणायला लागतं. पण तिथंच थांबू नका. 1952 च्या बैजू बावरा सिनेमात नौशादनी एक जुगलबंदी घातली आहे, 'आज गावत मन मेरो', राग देसी. पडद्यावर तानसेन आणि बैजू, गळा तानसेनाला अमीर खाँचा आणि बैजूला पलुसकरांचा. सिनेमासाठी म्हणून पातळ केलेलं नाही. स्पर्धा आहे, हारजीत आहे, ताना एकमेकांवर चालून जातात. माझ्या दुकानात काच बसवणारा पोरगा आहे, त्याचं गाणं म्हणजे गणपतीतला डॉल्बी. त्यानं हे ऐकून मशीन थांबवलं आणि विचारलं, 'यातलं कोण जिंकलं?' मी म्हटलं, तूच ऐकून सांग. आता तो दोघांचे आवाज बरोबर ओळखतो. राग देसी आहे हे त्याला माहीत नाही आणि त्याचं काही अडलेलंही नाही.

सांगलीच्या माणसाला आणखी एक आयती वाट आहे, ती नाटकाची. खाडिलकर सांगलीचे, देवल शेजारच्या हरिपूरचे. खाडिलकरांच्या 'स्वयंवर'मधलं, 1916 सालचं, 'नाथ हा माझा' हे पद घ्या, बालगंधर्वांचंच. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे पक्क्या ख्यालियाच्या, आणि हे पद आहे सरळ यमन रागात. आजोबांच्या पिढीला ते पाठ असायचं, नातवाला निदान कुठंतरी ऐकल्याचं आठवतं. पद झालं की लगेच यमनातला एखादा छोटा ख्याल लावायचा, 'एरी आली पिया बिन' तर शिकाऊ पोरांपासून बुजुर्गांपर्यंत सगळे गातात, कुणाचाही लावा. काही सांगायचं नाही. चाणाक्ष माणूस दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला मान वर करतो: 'ओ, हे मघाचंच आहे की!' त्याला राग कळला. नाव नंतर सांगितलं तरी चालतं.

यात एक अडचण आहे ती सांगून टाकतो. बालगंधर्वांच्या जुन्या मुद्रणांत शब्द नीट लागत नाहीत, आणि भाषा शंभर वर्षांपूर्वीच्या संगीत नाटकाची. कॉलेजच्या पोरांना ती जड जाते. त्यांना मी यमनाऐवजी भूप राग देतो.

भूप म्हणजे किशोरीताई आमोणकर, 'सहेला रे'. ही तीन मिनिटांची नाही, लाँग प्लेच्या जमान्यातली आहे, म्हणजे तबकडीची बाजू वीस मिनिटांच्या पुढं. सुरुवातीला विलंबित, म्हणजे संथ लयीत, 'प्रथम सुर साधे', आणि मग द्रुतात, म्हणजे जलद लयीत, 'सहेला रे'. शुद्धतावादी मला माफ करोत, मी नव्या माणसाला थेट द्रुत लावून देतो. सा रे ग प ध, पाचच सूर, मध्यम नाही, निषाद नाही. लता मंगेशकरांचं 'ज्योती कलश छलके' ज्याला माहीत आहे त्याच्या कानाला हे पाच सूर आधीच सवयीचे असतात, चाल सुधीर फडक्यांची. 'सहेला रे' सुरू झालं की ओळखीचं वाटतं, पण पुढं बाई जे करतात ते कुठल्याच सिनेमात नाही. 'आ मिल गाये' या एवढ्याशा ओळीला त्या किती बाजूंनी हात लावतात. एका सुरावरनं दुसऱ्यावर जाताना मधली जागा सोडत नाहीत, सगळी चालून जातात. द्रुत आवडलं की माणूस स्वतःच मागं जाऊन विलंबित शोधतो. म्हणजे सल्लागार ज्या अर्ध्या तासाचा धीर धरा म्हणत होते, तो अर्धा तास त्यानं आपण होऊन मागून घेतला. माझ्या यादीत आवाजाची गुणवत्ता, गाणं आणि नव्या माणसाला धरून ठेवणं या तिन्ही बाबतींत एक नंबर ही तबकडी. फक्त एक करा, दुकानात किंवा स्वयंपाक करताना ऐकू नका. कामाचा विचका होतो.

बाकीचं थोडक्यात. भीमसेनांची अभंगवाणी महाराष्ट्रात ज्यानं ऐकली नाही असा माणूस मला भेटायचाय. त्यामुळं ती शिफारस म्हणून सांगण्यात अर्थ नाही. त्यांचा शुद्ध कल्याण घ्या, आवाज तोच ओळखीचा, फक्त विठ्ठलाच्या नावाचा आधार काढून घेतलेला. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं, 'उड जायेगा हंस अकेला', अप्रतिम आहेत. पण आता कुणी गेलं की स्टेटसला तेच लावतात, त्यामुळं खुर्चीतली माणसं 'कोण गेलं?' म्हणून विचारतात. मालिनी राजूरकरांचा भैरवीतला टप्पा लहान मुलांना जरूर ऐकवा. शब्द संपायच्या आत गळा तीन वळणं घेऊन आलेला असतो, पोरं हसतात आणि पुन्हा लावायला सांगतात. वाद्यांत 1967 ची 'कॉल ऑफ द व्हॅली', संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काब्रांची. एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. ऐकायला गोड आहे आणि कुणालाच त्रास होत नाही. डेंटिस्टच्या दवाखान्यात पण चालते, हीच तिच्याबद्दल माझी एकमेव तक्रार. ती आवडली म्हणून ख्याल आवडायला लागला असं एकही गिऱ्हाईक मला भेटलेलं नाही. तिथंच रमतात.

सनई सुचवू नका. आपल्या माणसाच्या डोक्यात बिस्मिल्ला खाँ आणि मंगल कार्यालय यांची गाठ पक्की बसलीय. सनई लागली की बाई म्हणतात, 'जेवणं कुठंय?'

आणि मला जे सगळ्यात प्रिय आहे ते तर अजिबात सुचवत नाही: अमीर खाँसाहेबांचा मारवा. षड्ज, म्हणजे सा, टाळत टाळत चालणारा राग, सूर्य बुडायच्या वेळेचा, आणि गाणारा असा की जगात कुणाला कसलीच घाई नाही. मी तो दुकान बंद करायच्या आधी, गिऱ्हाईक नसताना लावतो. एकदा थेंबवाल्या खुर्चीतल्या गृहस्थांनी तो पूर्ण ऐकला आणि म्हणाले, 'घरी जायची इच्छा होत नाही.' हे कौतुक होतं की तक्रार ते मी विचारलं नाही. वर्षभर बाकीचं ऐकून मग याच्याकडं या.

आता कुठं ऐकायचं, त्याचा हिशोब. फुकटच्या अ‍ॅपवर सगळं मिळतं, पण आलाप रंगात आला की मध्येच गृहकर्जाची जाहिरात येते. ख्यालासाठी हे फार वाईट. सिनेमाचं गाणं तोडलं तर पुन्हा जोडता येतं, आलाप तोडला की पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पैसे भरून जाहिराती बंद करता येतात, दिवसभर लावणाऱ्यानं भरावेत. दिवसाला एकच तबकडी ऐकणाऱ्यानं नाही भरले तरी चालेल, ती तीन मिनिटांची असते, जाहिरातीच्या आत संपते. शोधताना रागाच्या नावानं शोधू नका, गवयाचं नाव आणि बंदिशीचे पहिले शब्द टाका. फोटो भलत्याचा आणि रागाचं नाव तिसरंच, असा माल पुष्कळ आहे. आणि अ‍ॅप आपणहून पुढचं जे लावतं ते बंद करून ठेवा. खाँसाहेबांच्या पाठोपाठ त्यानं एकदा 'झोप येण्यासाठी बासरी, आठ तास' लावली होती.

तयार गाणी भरलेले डबेही मिळतात. एका गिऱ्हाइकाला जावयानं पुण्याहून असाच एक आणून दिला. 'शास्त्रीय' असं लिहिलेलं बटण दाबलं तर निम्मी गझल आणि उरलेली भजनं. वयस्कर माणसाला बटणं सोपी जातात हे खरं, पण घेण्याआधी यादी वाचा, दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका.

सगळ्यात स्वस्त सोय मात्र समोर बसून ऐकायची, आणि ती आपल्याकडं आहे. मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं संगीत सभा भरते, नवरात्रात मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात गाणी होतात. तिकीट नाही. आधी वरच्या तीन-चार तबकड्या कानात मुरवून मग जा, म्हणजे समोरचा गवई काय करतोय ते नाव न कळताही कळतं. पुढं बसायचं असेल तर लवकर जावं, सतरंजी असते पण गुडघ्यांना खाली काहीतरी जाडसर घेतलेलं बरं. भुकेला भडंगाची पुडी ठेवा, फक्त ती गाणं सुरू व्हायच्या आत फोडा. आणि मध्यंतर झालं म्हणून उठू नका, मुख्य गवई बहुतेक त्यानंतरच बसतो. परतीची शेवटची सिटी बस विचारून ठेवा, नाहीतर रिक्षावाला म्हणेल ते द्यावं लागतं.